आईच्या खानावळीची टिकली

शेवगाव,
मंगळवार, १४ मार्च १९९५

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट खोटी लिहिली, ती आधी दुरुस्त करते. वाचनालयातल्या नकाशावर आईची खानावळ नाही, कारण आपल्या वस्तीची यादी करताना तुझ्या दोस्ताने, गोरक्षने ती सोडली, असं मी लिहिलं होतं. गोरक्षने ती सोडली नव्हती. त्याच्या यादीत ती तिसऱ्या ओळीला होती, 'विमलबाई सहादू भिंगारदिवे, दोन वेळचं जेवण, बसून' अशी. नकाशावर आपल्या घराच्या जागी त्याने हिरवी टिकलीही लावली होती. ती टिकली मी काढली. वाचनालयात कुणी नसताना, नखाने.

आता कसं झालं ते नीट सांगते, म्हणजे तुला माझ्या बाजूचं वाटेल असं काही त्यात राहू नये.

तुला चौथीला शिकवायला होते ते नारायण सर रिटायर झाल्यापासून वाचनालय बघतात. परगावाहून येणाऱ्या माणसाला इथे खायला काय कुठे मिळतं ते कळावं, आणि तो नकाशा गावानेच करावा, असं त्यांच्या मनात आलं. सहा कार्डशीट जोडून त्यांनी भिंतीवर लावले आणि बाजूला खिळ्याला कपाळावरच्या टिकल्यांची पाकिटं टांगली. कुणीही यावं, आपल्याला ठाऊक असलेली जागा दाखवावी, टिकली लावावी: हॉटेलला लाल, बांधून न्यायच्या जागेला पिवळी, खानावळीला हिरवी. महिन्याभरात असा गोंधळ झाला की सरच हसायला लागले. एकाने चहाच्या टपरीला लाल टिकली लावली, कारण पाटीवर हॉटेल लिहिलंय. तशाच दुसऱ्या टपरीला दुसऱ्याने पिवळी लावली, कारण तिथे बसायला बाकडं नाही. एका किराणा दुकानात पेढे मिळतात म्हणून त्याच्यावर तीन रंग. कडूबाई सकाळी एसटी स्टँडवर वडे विकते आणि दुपारी शाळेच्या फाटकाशी, तर दोघांनी तिला दोन ठिकाणी लावलं आणि गावात वडेवाल्या दोन झाल्या. तिला हे कळल्यावर ती मुद्दाम बघायला आली. म्हणाली, ही दुसरी कोन ते मला ठावं न्हाई, पन तिचं वडं कसं हायेत? मीसुद्धा हसले त्या दिवशी. त्यानंतर हसल्याचं आठवत नाही.

वाचनालयातल्या नोंदी मीच लिहिते, म्हणून सरांनी मला सांगितलं की हे सगळं एका नियमात बसव. तुझं अक्षर चांगलं आहे, आणि चुकायची भीती वाटणारं माणूस या कामाला बरं, असं म्हणाले. दादा, मी आठ दिवस ते नियम लिहीत होते. पाटीवर काय लिहिलंय ते बघायचंच नाही, तिथे काय मिळतं आणि लोक कसं खातात ते बघायचं. चहा, भजी, मिसळ असेल तर लाल. बांधून घरी न्यायचं असेल तर पिवळी. आणि ठरलेल्या वेळी भाजी-भाकरीचं पूर्ण जेवण, तेही नात्यागोत्यात नसलेल्या माणसाला बसून जेवता येत असेल तर हिरवी, मग ती जागा रस्त्यावर असो नाहीतर कुणाच्या घरात. हे शेवटचं मी विजयाकाकूंचा विचार करून लिहिलं. बँकेतली चारपाच माणसं त्यांच्या मधल्या खोलीत जेवतात. दारावर पाटी नाही, तरी ती खानावळच. त्यांच्या घरावर हिरवी टिकली लागली आणि राहिली. त्याच नियमाने गोरक्षने आपल्या वस्तीची यादी करून आपल्या घरावर लावली, ती राहिली नाही.

तुला वाटेल की कुणीतरी काहीतरी बोललं असणार. खरं सांगते, कुणीही नाही. वाचनालयात येणारा पंकज आहे ना, कापडदुकानवाल्यांचा, तो सगळ्यांचीच थट्टा करतो. मी नियमांचा कागद भिंतीवर लावला तेव्हा तो म्हणाला, आता बघा, शुभांगीताई आधी स्वतःचं घर हिरवं करणार. सगळे हसले, तोही हसला आणि पेपर वाचायला बसला. एवढंच. पण मला ते रात्रंदिवस ऐकू यायला लागलं. नियम मी केला, आणि त्या नियमाने पहिला फायदा माझ्या आईला. आपल्या वस्तीतल्या मुलीच्या हातात काम दिलं तर तिने आपलंच घर पुढे आणलं, असं कुणाच्या मनात तरी येईल. कुणाच्या, ते मला सांगता येत नव्हतं. सरांच्या नक्की नाही. तरी मी टिकली काढली, आणि काढल्यावर मला फार स्वच्छ वाटलं. ते स्वच्छ वाटणं साधारण संध्याकाळपर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष आला. नकाशासमोर उभा राहिला, टिकलीचा डिंक राहिला होता त्याच्यावर त्याने बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून पुस्तकांचे नंबर लिहीत राहिले. तो वळून बाहेर गेला.

मग आईने विचारलं. शेजारच्या छबूबाईने तिला सांगितलं होतं की वाचनालयात सगळ्या जेवायच्या जागा लावल्यात. आई भाकरी थापत होती. आपलं हाय का त्यात, एवढंच म्हणाली, माझ्याकडे न बघता. दादा, त्या वेळी खरं बोलायला एक क्षण लागला असता. मी म्हणाले, गोरक्ष विसरला. का, ते मला अजून कळत नाही. त्याचंच नाव तोंडात आलं, कारण यादी त्याची होती, आणि तो काही बोलणार नाही हे मला कुठेतरी माहीत होतं.

तो बियाण्याच्या दुकानात कामाला लागल्यापासून दुपारी आपल्याकडेच जेवतो, हे तुला माहीत आहे. त्या दुपारी तो आला तर आई म्हणाली, "नकाशात न्हाई तिथं जेवाय आलास? वाट कशी गावली तुला?" बाकीचे हसले. तोही हसला, जेवला, आपलं ताट धुऊन ठेवलं आणि गेला. तेव्हापासून रोज काहीतरी असतं. एखाद्या दिवशी आई त्याला वाढायचीच विसरते आणि म्हणते, विसरले बाबा, मानूस विसरतंय की. तो ऐकून घेतो. मी आत चुलीपाशी बसून ऐकते.

आणि मग मी तुलाही तेच लिहिलं. ते का लिहिलं, तर आई तुला सांगणारच होती, आणि दोघांना दोन गोष्टी सांगितल्या तर मी पकडले गेले असते. तू त्याला पोस्टकार्ड टाकशील हे माझ्या लक्षात आलं नाही. कार्ड वाचनालयाच्या पत्त्यावर आलं. उघडं कार्ड, टेबलावर दिवसभर पडून होतं, ज्याने त्याने वाचलं. 'माझ्या आईच्या हातचं खाऊन तिचंच घर विसरलास, ही तुझी दोस्ती' असं तू लिहिलं होतंस. पंकजनेसुद्धा त्यावर थट्टा केली नाही. गोरक्षने संध्याकाळी ते उचललं, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "प्रवीणला काही लिहू नको. तो आईसाठी चिडलाय, बरोबरच हाय त्याचं." त्याला वाटलं असावं की मला तुझा राग आला असेल.

इकडे कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला, तिथले कामगार गेले. दिवाळीनंतर आपल्याकडे अकरा माणसं जेवत होती, आता गोरक्ष धरून चार. ओसरीत दुपारी इतकं शांत असतं की शेजारचा रेडिओ आपल्याच घरात लावल्यासारखा वाटतो. आई तरी सवयीने जास्त पीठ मळते आणि उरलेल्या भाकऱ्या आम्ही दोघी संध्याकाळी समोरासमोर बसून खातो. बोलायला काही नसतं. म्हणजे माझ्याकडे असतं, पण ते बोलता येत नाही. परवा ती म्हणाली, मार्च सरला की बंद करते, अंबरनाथला प्रवीणकडं जाते. मग मी कुठे, हे तिने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात इथे अंगणवाडीच्या चाळीस बायकांचं शिबिर आहे, महिनाभराचं. त्यांच्या माधुरी मॅडम सोमवारी वाचनालयात येऊन हिरव्या टिकल्यांची यादी उतरवून घेणार आहेत, म्हणजे बायकांची जेवणाची सोय कुठे कुठे लावायची ते ठरवता येईल. त्यानंतर नकाशा नगरला छापायला जाणार. सोमवारी आपलं घर त्या यादीत असलं तर आईची चूल चालू राहील. नसलं तर ती बंद करेल, आणि ती माझ्या नखाने बंद झालेली असेल.

हे सगळं मी मनात अप्पांच्या नावावर घालत होते. तुला आठवतं, मार्केट यार्डात मापाडी असताना ते आपल्या भावाची, भिमाजीकाकांची बाजरी कधी स्वतः मापायचे नाहीत. शाळेत जायच्या आधी त्यांनी मला पोत्यांवरच्या शिक्क्यांवरून अक्षरं शिकवली, तेव्हाच हेही शिकवलं की आपल्या माणसाच्या मालाला आपला हात लावायचा नाही. मी स्वतःला सांगत होते की मी तेच केलं. काल आई आपणहून अप्पांचं काढून बसली. भाऊ माल घेऊन आला की यांची कशी पंचाईत व्हायची, असं सांगत होती. मी म्हटलं, मग परत पाठवायचे ना त्यांना? मी वेडी झाल्यासारखं आईने माझ्याकडे बघितलं.

"परत कशाला पाठवतील? भावाचा माल न्हाई का त्यो? दुसऱ्या मापाड्याला हाक मारायचे. म्हनायचे, माझा भाऊ हाय, तू माप."

दादा, एवढी वर्षं मी ते अर्धंच लक्षात ठेवलं होतं. हात लावायचा नाही, एवढंच. हाक मारायची हे विसरले. हाक मारायला माणसं होती की. सर होते, विजयाकाकू होत्या, गोरक्ष तर समोरच उभा होता, डिंकावर बोट ठेवून. मी कुणालाही विचारलं असतं की माझ्या आईची खानावळ या नियमात बसते का, तू बघ आणि तू लाव. मला कुणालाच विचारायचं नव्हतं. मला एकटीनेच चांगलं व्हायचं होतं.

मी हे पत्र माफीसाठी लिहीत नाही, आणि तू गोरक्षला लिही असंही सांगत नाही, ते तुझं तू बघ. मला माझी भीती ठाऊक आहे. शनिवारपर्यंत मला आणखी एखादं कारण सापडेल, आणि ते ऐकायला इतकं प्रामाणिक असेल की मीच त्यावर विश्वास ठेवेन. म्हणून हे आताच पोस्टात टाकते. एकदा ते तुझ्याकडे निघालं की खरं काय ते माझ्याशिवाय आणखी एका माणसाला माहीत असेल, आणि मला मागे फिरता येणार नाही. रविवारी सकाळी वाचनालयात सगळे जमतात. आईला मी घरीच, चुलीपाशी सगळं सांगणार आहे, मग ती यायला तयार असली तर तिला घेऊन, नसली तर एकटी तिथे जाणार आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे की गोरक्ष विसरला नव्हता, टिकली मी काढली. मग नियमांचा कागद आणि हिरव्या टिकल्यांचं पाकीट सरांच्या हातात देऊन बाजूला उभी राहणार आहे. ते सगळं रविवारी, १९ मार्चला, सकाळी दहा वाजता.

तुझीच,
शुभा