बाथरूमचं दार आणि माझे खिळे

६ ऑक्टोबर, शनिवार
बाथरूमचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून गॅरेजमध्ये नेलं. दोन दिवसांत वार्निश, सोमवारी दार जागेवर. बायकोला तसं सांगितलं. लॉर्ना म्हणाली, कुठल्या महिन्यातला सोमवार. दाराच्या जागी तिने चादर टांगली.
शेजारचा ओस्टबी आपले प्लास्टिकचे टोकदार ठोकळे द्यायला आला. ओलं लाकूड त्यांवर टेकवायचं म्हणे. चाळीस वर्षं सुतारकाम करून ठोकळे विकतचे. कीव आली.

७ ऑक्टोबर
फळीच्या चार तुकड्यांतून एकेक खिळा आरपार ठोकला, टोकं वर. झाले ठोकळे. ओस्टबी म्हणाला, उंची सारखी नाही, दार डुगडुगेल. मी म्हटलं, दाराला काय नाचायचंय.
एका बाजूला वार्निश लावलं.

१० ऑक्टोबर
वाळायलाच तीन दिवस. सरोवरावरून दमट वारा येतो, त्याला मी काय करणार. दार पालटलं. ते डुगडुगलं, घसरलं. वाळलेल्या बाजूवर चार लांब ओरखडे. खालची बाजू कोण बघतो? लॉर्ना म्हणाली, दाराला खालची बाजू नसते.
या बाईला लाकडातलं काही कळत नाही.

१४ ऑक्टोबर
घासून पुन्हा वार्निश. आता प्रत्येक ठोकळ्याला नऊ खिळे. वजन वाटलं जातं, साधं शास्त्र आहे.
संध्याकाळी: छत्तीस खळगे.
लॉर्ना अंघोळीला ओस्टबीकडे जाते. चादरीआड निवांतपणा नाही म्हणे. मी फक्त बाहेर उभा राहून बोलत असतो, तिला सोबत म्हणून.

१९ ऑक्टोबर
ठोकळ्यावर पाय पडला. दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन. चार दिवस पाय टेकायचा नाही. खिळा किती सरळ ठोकलाय, हे डॉक्टरीणबाईंच्या लक्षातही आलं नाही.

२१ ऑक्टोबर
सोफ्यावर पडून. खिडकीतून दिसतं, गॅरेजमध्ये लॉर्ना आणि ओस्टबी. त्याने दाराच्या वरच्या-खालच्या कडांना लांब स्क्रू मारले आणि ते स्क्रू सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर टेकवून दार अधांतरी ठेवलं. दोन्ही बाजू एकदम. ब्रश लॉर्नाच्या हातात. हसत होती.
असल्या चोरवाटा मलाही माहीत आहेत.

२३ ऑक्टोबर
दार बसलं. लॉर्ना आत गेली, कडी लावली. पाऊण तास झाला. पाण्याचा आवाज नाही. लंगडत जाऊन विचारलं, काय करतेस. म्हणाली, काही नाही, नुसती बसलेय.
वार्निश निरखत असणार.