गिझेलाच्या अंगणातली सरहद्द

मंगळवार, ९ सप्टेंबर १९४७

मी जळकी बाई नाही, हे आधीच लिहून ठेवते. पण महायुद्ध संपल्यावर चार मोठ्या देशांचे साहेब पॅरिसमध्ये बसले, जगाची नवी घडी बसवली, इटली कुठे संपते आणि युगोस्लाविया कुठे सुरू होतो त्याची रेघ मारली, ती नेमकी कुठून? शेजारच्या गिझेलाच्या अंगणातून! आमच्या अंगणाला काय काटे होते?

त्याच दिवशी, दुपारी

आले. एक अमेरिकन सार्जंट, एक युगोस्लाव कप्तान, मागे चुन्याची बादली घेतलेला शिपाई. गिझेलाचं घर इटलीत, गोठा युगोस्लावियात. मधून पांढरा पट्टा. अख्खा गाव कुंपणाला लोंबकळत होता. ती गोठ्याचं दार धरून रडत होती. रडायचं तर घरात बसून रडावं. पण वर्तमानपत्राचा फोटोवाला बाहेर उभा होता ना! मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मेल्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं.

बुधवार, १०

गिझेला धार काढायला जाते तर सोबत बंदूकवाला शिपाई. राणीलाही एवढा थाट नसेल. माझा नवरा एदो म्हणाला, अगं, त्या बिचारीची गाय परदेशात गेली आणि तू तिचा हेवा करतेस? मी म्हटलं, हेवा कसला, मला जगाच्या राजकारणात रस आहे. म्हणतो कसा, परवापर्यंत तर तुला शेजारच्या भांड्यांत रस होता. त्याला आज उशिरा वाढलं.

निश्चय: उद्यापासून तिच्या अंगणाकडे ढुंकून बघायचं नाही.

गुरुवार, ११

बघितलं. शेळी शोधत होते.

दोन्ही साहेब तिच्याकडे कॉफी पीत होते. साखर घातलेली. आजकाल साखर कुणाकडे आहे? पॅरिसच्या साहेबांनी आधी याची चौकशी करायला हवी होती.

साहेबांचं नकाशावरून भांडणही चालू होतं. नकाशावर पेन्सिलीची रेघ, पण जमिनीवर आणली की ती अंगणाहून रुंद होते म्हणे. त्यातून कुठूनही चुना मारला तरी चालतो. सोमवारी सही-शिक्का. तोवर रेघ हलू शकते.

ऐकून मला एकदम बरं वाटलं. का, ते उद्या.

शुक्रवार, १२

एदोला म्हटलं, छपराला टांगलेली डुकराची तंगडी उतरव. म्हणाला, ती नाताळची आहे. मी म्हटलं, नाताळ दरवर्षी येतो, सरहद्द एकदाच येते.

साहेबांना बोलावलं. तंगडी कापली, प्लमची दारू काढली. दुसऱ्या पेल्याला विषय काढला. कप्तान हसत सुटला. म्हणाला, मावशी, इथे लोक रेघ लांब ढकलायला दारू पाजतात, तुम्ही ती घरात ओढताय? मी सांगितलं, देश नव्यानं उभा राहायचा तर सगळा भार एकट्या गिझेलानं का उचलावा? आम्ही काय मेलो आहोत? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सार्जंटला एक शब्द कळला नाही, पण तंगडी त्यानंच संपवली.

चौथ्या पेल्याला जमलं!

शनिवार, १३

गिझेलाकडचा चुना खरवडला. नवा आमच्या अंगणातून मारला. सरळ नाही आली रेघ, कालच्या दारूचा अंमल अजून उतरला नव्हता. असू दे. आली हे महत्त्वाचं.

मी चर्चला जायचा काळा झगा घातला. लोक आमच्या कुंपणाला लोंबकळले. मी रडून बघितलं, नीट जमलं नाही. तेवढ्यात गिझेला धावत आली. तिचं घर, गोठा, शेत, सगळं आता एकाच देशात, युगोस्लावियात. माझ्या गळ्यात पडली. तिलके, म्हणाली, माझ्यासाठी तू स्वतःचं अंगण फाडलंस गं! आणि अशी रडली की सगळ्या बायका रडल्या. शेजारची म्हातारी तर माझा हात धरून मुकेच घ्यायला लागली.

सरहद्द माझी, आणि रडली ती. मला मधे जागाच मिळाली नाही.

रविवार, १४

फादरनी प्रवचनात माझं नाव घेतलं. पण गिझेलाच्या गोष्टीत.

घरी आल्यावर एदो मागच्या दारानं गेला आणि लगेच परत आला. म्हणाला, आपला संडास युगोस्लावियात गेला. मी म्हटलं, शेजारचा देश आहे, शत्रू नाही. कालच्या गडबडीत मागे कोण बघतं?

सोमवार, १५

शिक्का पडला. अंगणात काटेरी तार ठोकली. पहाऱ्याला नवा शिपाई, मिशीसुद्धा न फुटलेला. मी पलीकडे निघाले तर म्हणाला, परवाना? शहरातून आणा. कशासाठी जायचंय ते अर्जात लिहावं लागेल. जास्त शिकलेली असते तरी हे कसं लिहिलं असतं?

कप्तानाला बोलवा म्हटलं. त्याची बदली झाली. सार्जंटही गाव सोडून गेला. रेघ परत गिझेलाकडे सरकवा म्हटलं, तर शिपाई म्हणतो, पॅरिसला लिहा.

मंगळवार, १६

एदोनं आमच्या बाजूला खणायला घेतलं. सगळा चुनखडीचा खडक. कुदळीचा दांडा मोडला. एदोनं मोडका दांडा माझ्यासमोर आणून ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री खाटेखालचं भांडं वापरलं. रिकामं कुठे करायचं?

बुधवार, १७

सकाळी अंगणात उभी होते. गिझेला तारेपलीकडे आली. त्या बाजूला तिला कोण अडवणार! शिपायानं तिला सलामसुद्धा ठोकला. तिनं तारेखालून हात पुढे केला. म्हणाली, दे. काय दे, विचारलं. हळूच म्हणाली, भांडं गं. मला सगळं दिसतं इथून. तू माझ्यासाठी एवढं केलंस, मला एवढं तरी करू दे.

नाही म्हणणार होते. एदो मागे उभा होता, अवघडून.

दिलं.

तिनं ते माझ्याच संडासात रिकामं केलं, राखेनं घासलं, लखलखीत करून परत दिलं. शिपाई डोंगराकडे बघत होता. गिझेला हसली, मनापासून. उद्या याच वेळेला येते म्हणाली.

मी म्हटलं, जरा लवकर ये.