बाळंतिणीचा मासा

४ जून, सोमवार
आले एकदाची! बेटावरून बोटीने, दोन कोंबड्यांसकट. नात लितियाना ‘बुबू, बुबू’ करत गळ्यात पडली. बाळ माझ्याकडे बघून शिंकलं. बावीस दिवसांचा सेमी. नाक थेट त्याच्या पणजोबाचं, म्हणजे नशीबच बिचाऱ्याचं! घर अगदी खाडीवर. पलीकडे शहराचा कचरा, जुने सोफे, टीव्ही, गाद्या, डोंगरच. असेना. मासा दारात आहे ना! बाळंतिणीला दूध यायला नारळाच्या रसातलं माशाचं कालवण लागतं, आणि ते आजीनेच करायचं. आमच्यात तो मानच.

६ जून
नातजावई वाइसाकेने बोई मासे आणले. काय गलेलठ्ठ! काळीज आणि पोटाची चरबी घरातल्या थोरल्याची. मी ती माझ्या पानातून उचलून लितियानाला घालते. म्हणाली, बुबू, डुकरीण करशील माझी. म्हटलं, हो की, तिला दूध तरी असतं!

११ जून
दूध वाढलंय. पण आजचं काळीज पिवळं, मेणासारखं. बोटांना चिकटलेलं जाता जाईना, वास जळक्या वायरीचा. चरबी चुलीत पडली तर जाळ भडकतो ना? विझला. परत टाकली. परत विझला. वाइसाके म्हणे, बुबूसारखी चूलही म्हातारी झाली. तरी कालवण केलं.

१५ जून
दवाखान्यातली बाई आली. मी वाटी पुढे केली तर नाक दाबलं. राग आला मला. मग तिने सांगितलं, सोफ्यागाद्यांना आग लागू नये म्हणून औषध घालतात. ते पाण्याबरोबर खाडीत उतरतं, माशाच्या चरबीत साठतं, काळजात साठतं. खाणारीच्या दुधातही येतं.
नऊ दिवस मीच तर—

१६ जून
लितियानाचं थोडं दूध वाटीत काढलं. वर पिवळा तवंग. निखाऱ्यावर थेंब टाकला.
निखारा—

१७ जून
सांगितलं तिला. तिने पाजणं थांबवलं. बाळ बाटली घेत नाही, थुंकतं. ओठांच्या कडेला पिवळं मेण. पुसते. परत येतं.

१८ जून
भुकेने किंचाळत होतं. मग एकदम गप्प. दार ढकललं— पाजतेय. म्हणाली, उपाशी मारू का त्याला, बुबू?
ओढलं. तोंड सुटेना. मेणाने चिकटलंय. वाइसाके गरम पाण्याला धावला. सेमीचे डोळे उघडे, गिळतोय अजून. लितियाना म्हणते, ओढू नकोस बुबू, त्याच्याबरोबर माझंही कातडं सोलतंय—