पाटीवरचं मौन

माघ शुद्ध १, मंगळवार, फसली सन १३२३. घाटनांदूर.

आजपासून नवा माणूस.

लेकीचं, छबूचं, दुसरं स्थळही मोडलं. अंबाजोगाईच्या पाहुण्यांना मी एवढंच म्हणालो होतो की तुमच्या मुलाची मान बघता जू ठेवायला जागा ऐसपैस आहे. ही तारीफ होती. बायको म्हणते, माझ्या जिभेनं मोडलं. मी म्हणतो, स्थळच कच्चं. तरी विचारी माणसाने स्वतःत डोकावून बघावं म्हणून बघितलं. दोष फारसा सापडला नाही. पण जगाला माझं बोलणं पेलवत नाही, तेव्हा जगावर दया म्हणून पौर्णिमेपर्यंत मौन.

पौर्णिमेला पालीचा धर्मराज येतोय. मुलगा बीडला कचेरीत कारकून, आणि त्यांना लिहिता-वाचता येणारीच सून हवी. आसपासच्या दहा गावांत तशी एकच मुलगी, आणि तिला शिकवलं मी. हेही हुकलं तर शेजारच्या उत्तरेश्वरचा विधुर मेहुणा टपून बसलेला आहे. तीन लेकरांचा बाप. छबूच्या बरोबरीच्या पोरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊन गेल्या.

शुद्ध २, बुधवार. सकाळ.

मौन उत्तम चाललंय. एकदाच मोडलं, तेही बैलाशी. बैल धरायचा नाही असं ठरवलं.

संध्याकाळ. तोंड बंद, पण कान उघडे. बाहेरचं आत येतं आणि साचत राहतं. उपाय: दोन्ही कानांत कापूस. घरचाच, यंदाचा. शिवाय निकडीपुरती एक पाटी. दिवसाला तीन ओळी, जास्त नाही. वाचून दाखवायला छबू. घरात दुसऱ्या कोणाला अक्षर येत नाही. गावात ज्यांना येतं त्यांचं मी तोंड बघत नाही.

शुद्ध ४, शुक्रवार.

उत्तरेश्वर आला. हा दरसाल माझा बांध नांगरून दोन हात आत येतो. पाटीवर लिहिलं: 'तुझ्या बापाने बांध कोरला, तू कोरतोस, तुझा नातू कुदळ घेऊनच जन्माला येईल.' तीन ओळींत बसलं. छबूने वाचून दाखवलं. तिचे ओठ बराच वेळ हलत होते. पाटीवर एवढं होतं का, असं क्षणभर वाटून गेलं. उत्तरेश्वरने डोळे पुसले, हात जोडले, आणि संध्याकाळी बांध जिथल्या तिथे घालून गेला.

वीस वर्षं बोलून झालं नाही ते. मौनाचं तेज, दुसरं काय.

शुद्ध ८, मंगळवार.

अनुभव वाढतोय. न्हाव्याला लिहिलं, तुझ्या वस्तऱ्यापेक्षा उत्तरेश्वरची कुदळ धारदार. छबूने वाचलं. न्हाव्याने डोकं दोनदा चोळून दिलं. लोक भेटायला येतात, अर्जुनराव साधू झाले म्हणतात. हे छबूनेच पाटीवर लिहून कळवलं, कारण कानांत कापूस.

तीन ओळींचा नियम सैल केला. पाटीला दोन बाजू असतात.

शुद्ध १०, गुरुवार.

पोरगी दमलेली दिसते. माझ्या एका ओळीला ती चार ओळींचा वेळ घेते. वाचन कच्चं तर नाही? पौर्णिमेला परीक्षा आहे. दुपारी गोठ्यामागे एकटीच हातवारे करत काहीतरी घोकत होती. पाठांतर असावं. कष्टाळू आहे, माझ्यावर गेली.

शुद्ध १३, रविवार.

हिने माझ्या एका कानातला कापूस उपसला आणि म्हणाली, "परवा पाव्हणे येत्यात. तोंड बी न्हाई अन् पाटी बी न्हाई. निस्तं बसायचं. ह्ये स्थळ गेलं तर पोर त्या तीन लेकराच्या बापाला दीन, अन् मंग जलमभर तुमच्यासंगं बोलणार न्हाई."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. पाटीवर लिहिलं: 'कबूल.' एकच शब्द. याला संयम म्हणतात.

माघ पौर्णिमा, मंगळवार. दिवस मावळताना.



पाहुणे आले. कापूस काढला, बरा दिसत नाही म्हणून. धर्मराज शांत माणूस. पण त्याचा धाकटा भाऊ सुग्रीवराव बसल्या बसल्या सुरू झाला. गूळ काळा, बैल हडकुळे, विहीर लांब. मी गप्प. पाटी पाठीमागे होती, केवळ आधाराला.

लिहिलं ते हाताने, मी नव्हे. 'सुग्रीवराव, सोयरीक बघायला आलात की वासरू? वासराचे दात मोजण्याआधी आपले मोजून यावं.' त्याचे पुढचे दोन नाहीत. फार जमलेलं वाक्य. पाटी पालथी घालणार, तोच धर्मराजने बघितली. म्हणाला, पोरीला वाचता येतं ना, मग तिलाच वाचू द्या. दोघा भावांना कचेरीतली उर्दू तेवढी वाचता येते, मराठी नाही.

पाटी छबूच्या हातात गेली. ही दारात उभी, पदर तोंडात. छबूने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाचलं: "सुग्रीवराव, एवढ्या लांबून आलात, घराला पाय लागले. काही उणं दिसलं तर आपलं समजून पोटात घाला."

सुग्रीवराव खूश. मी सुन्न. म्हणजे पंधरा दिवस हेच! बांध, न्हावी, साधुपण, सगळं तिचं. माझं एकही वाक्य कोणापर्यंत पोचलेलं नाही. माणसाने सोसावं तरी किती. उठलो आणि म्हणालो, "असं लिहिलेलं नाही."



"म्हंजी पोरीला वाचता येत न्हाई?" सुग्रीवरावने विचारलं. येतं म्हणालो, मी शिकवलंय. "मंग लिवलंय त्ये कावून वाचलं न्हाई? बाप तरी खोटा, न्हाई तर लेक."

धर्मराज जोड्यांकडे बघू लागला. तिने बरोबर वाचलं, माझीच चूक, एवढं मला म्हणता आलं असतं. तोंड उघडलंही. पंधरा दिवसांच्या सवयीने शब्द फुटला नाही, अशी नोंद इथे करतो.

छबूने पाटी पुन्हा उचलली. या वेळी लिहिलं होतं ते वाचलं. अक्षर न चुकता, मी जिथे थांबलो तिथेच थांबून. 'दात' या शब्दाशी आवाज फाटला, पण वाचणं सोडलं नाही. वाक्य चांगलंच होतं. ऐकताना तसं वाटलं नाही.

पाहुणे न जेवता गेले. पुरण चुलीवर तसंच.

माघ वद्य ४, शनिवार.

आता मौन त्या दोघींचं. उत्तरेश्वरचा मेहुणा येऊन ओसरीवर बसला. हिने त्याला गूळपाणी दिलं. गूळ पांढरा होता, कुठून आणला कोण जाणे.

धर्मराजला माफीचं पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या ओळीत सुग्रीवरावचे दात आले. फाडलं. असं चार वेळा.

माघ वद्य ८, बुधवार.

पालीहून सांगावा आला. सांगणाऱ्याने धर्मराजचे शब्द जसेच्या तसे म्हटले: "पोरगी पसंत. बापाचं असलं बोलणं गोड करून सांगती, अन् येळ आली तर खरं बी वाचती, तिला अकरा माणसाचं घर जड न्हाई. लगीन आमच्या दारात. कन्यादान मामानं करावं. बापानं यायचं न्हाई."

ही बसून रडली, मग उठून चुलीला लागली.

अट अपमानाची आहे. पण विचार केला, मी तसाही जाणार नव्हतो. साधनेला गर्दी मानवत नाही. फैसला माझाच.

फाल्गुन शुद्ध ४, शनिवार.

सकाळी गाड्या निघाल्या. छबू पाया पडली. काल दिवसभर चांगलं बारा ओळींचं भाषण तयार केलं होतं. तोंडाचा भरवसा धरला नाही, पाटी घेतली. बाराची एकच ओळ उरली. पाटी तिच्या हातात दिली. गाडीतून हिने विचारलं, "काय लिवलंय?"

छबूने खाली न बघताच सांगितलं, "आबा म्हणत्यात, सुखानं नांद." पदराने पाटी पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

मी लिहिलं होतं, 'छबू, माझं चुकलं.'

दुरुस्ती सांगायला तोंड उघडलं, तोवर गाड्या वेशीबाहेर गेल्या होत्या.