शहाण्यासारखं वाग

प्रिय बो-शुन,

हे दारातच वाच. बूट काढत बसू नकोस. रुइ-रुइचा हात घट्ट धर, तिला फ्रिजपाशी जाऊ देऊ नकोस, आणि मग पुढचं वाच.

 आज सकाळी लॅबमध्ये सरांनी शीतपेटीतल्या नळ्या मोजायला सांगितल्या. तुझ्या जंतूंची एक कमी. 'माझी धाकटी लेकरं' म्हणायचास ना, त्यातलीच. वाटलं, माझीच चूक. पुन्हा मोजल्या. मग जाळायला न्यायची कचऱ्याची पिवळी पिशवी उचलली, तर तळाशी मक्याचा खाऊ! जिथे कोणी पाण्याचा घोटही घेत नाही, तिथे खाऊ? 

तू नवीन होतास तेव्हा शीतपेटीवरची खाऊची हिरवी पुडी नुसती सरकवलीस, आणि मी केवढ्यांदा ओरडले होते! "अरे, हात नको लावूस! तिच्यावर नावच छापलंय, 'शहाण्यासारखं वाग'. ती आहे म्हणून हे धूड शहाण्यासारखं वागतंय." तू म्हणालास, "ताई, तुझी पीएचडी खरी आहे ना गं?" त्याच आठवड्यात पेटी बंद पडली आणि नवी पुडी आणायला तूच धावत सुटलास. तपासणीवाल्यांनी माझी खोकल्याची गोळीसुद्धा बाहेर ठेवायला लावली, पण पुडीकडे बघून म्हणाले, "बाई, हिची तारीख संपत आलीय, बदला." ती खाण्याची वस्तू आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुझ्या मात्र आलं.

शुक्रवारी तुझ्या निरोपाच्या दिवशी जुनी पुडी उतरवायचा मान तू मागून घेतलास. फाटकावर लिनकाकांनी तुझी बॅग उलटीपालटी केली, डबासुद्धा हुंगला, आणि पुडी बघून हसले. "लेकीला का? ने, ने."

सरांनी तुला नळी सोबत नेऊ द्यायला नकार दिला तेव्हा तू किती रडलास, ते मी पाहिलंय. काम तुझं होतं, मान्य. पण अरे, घरी? आइस्क्रीमशेजारी? ते छातीत गेलं तर माणसाचं काय होतं, हे मला तूच शिकवलंस ना! मला तुझा भयंकर राग आलाय, आणि त्याहून जास्त भीती वाटतेय.

सरांना मी सांगितलंय. माणसं निघाली आहेत. तुझा फोन बंद, दाराला कुलूप, म्हणून हे फटीतून सरकवतेय. मी खाली सोयादुधाच्या दुकानात बसते, पण तू तळघरात गाडी लावून तिथूनच वर आलास तर मला दिसणार नाहीस. तुला पकडून द्यायला आले नाही रे. शुक्रवारी फाटकापाशी मी ती पुडी तुझ्या हातून घेतली होती, आठवतं? गार लागली होती. पेटीच्या माथ्यावर तर कायम ऊब असते, तरी आत खाऊऐवजी नळी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मी पेन काढलं आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रुइ-रुइसाठी, आत्याकडून'. ती आता पहिलीत आहे, बो-शुन. तिला स्वतःचं नाव वाचता येतं.

तुझीच,
पेइ-शान ताई