भरतीचा मजकूर

३ मार्च, सोमवार

काहीच सुचलं नाही. स्क्रीनवर पांढरी चौकट, आणि समोर मी. स्वल्पविरामने दोनदा विचारलं, "सुचलं का?" म्हटलं, सुचेल. मजकूर लिहिणारा माणूस, पण बोलताना दर दोन शब्दांनी थांबतो, म्हणून दादाने हे नाव ठेवलं. दादा गेला, नाव मात्र चिकटून राहिलं.

टेबलं तीन आणि खुर्च्या चार. वहिनी सकाळी आल्या आल्या चौथी पुसते, मग स्वतःची. मी तेवढा वेळ पिशवीत काहीतरी शोधत बसते. डिझाइनचा हा स्टुडिओ दादा-वहिनीचा. मी इथे आले बहीण म्हणून, कामाला लागले, आणि आता नुसती नणंद उरले आहे. पुढच्या महिन्यात दादाला जाऊन वर्ष होईल.

सुचणं हा शब्दच वाईट. मी जेवते, मी झोपते, मी काम करते — पण सुचतं मात्र 'मला'. म्हणजे माझ्या हातात काही नाहीच!

४ मार्च, मंगळवार

साबणवाले आले. घरचाच कारखाना, स्वभावाने मोकळे. ज्यांच्या कातडीला काही म्हणजे काही सोसत नाही अशांसाठी साबण काढलाय — वास नाही, रंग नाही. खोकं आम्ही करायचं.

वहिनीने विचारलं, "खोक्यावर काय काय हवं?"

"काही नको हो. एकदम साधं. पण दुकानात उठून दिसलं पाहिजे!"

दादा असता तर त्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला असता. मी मान डोलावली आणि टिपून घेतलं: काही नको, उठून दिसलं पाहिजे. साबणाची एक वडी ठेवून गेले. हुंगली. खरंच कसलाच वास नाही. हल्ली मला सगळ्याचाच वास असा येतो.

५ मार्च, बुधवार

तेच.

६ मार्च, गुरुवार

आज एक प्रकार केला. चांगला की वाईट, कळत नाही.

स्वल्पविरामचा मजकूर आला नव्हता. असं झालं की आम्ही भरतीचा मजकूर टाकतो — वाट्टेल ते, जागा किती लागते ते दिसावं म्हणून. तो कुणी वाचत नाही. वाचायचा नसतोच. नेहमीचा एक परिच्छेद आहे आमचा, पाण्याच्या टाक्यांविषयी, कुठल्याशा जुन्या कामातला. आज त्याचा इतका कंटाळा आला की बोटं आपोआप चालायला लागली. हे लिहिलं गेलं:

"दादा, त्या दिवशी चार वाजता तुझा फोन आला होता. मी छापखान्यात होते. सकाळी हिरव्या रंगावरून भांडलो होतो, वाटलं पुन्हा तेच काढशील. मी फोन पालथा घातला. सहा वाजता स्वल्पविराम सांगायला आला. तुला बरं वाटत नव्हतं म्हणून केलास का? वहिनीला मी हे सांगितलेलं नाही."

लिहून काहीच वाटलं नाही. हलकं नाही, जड नाही. जागा उरली होती म्हणून तोच परिच्छेद आणखी सहा वेळा चिकटवला. अक्षर मुंगीएवढं केलं, ओळी एकमेकींना चिकटवल्या. खोक्याच्या चारही बाजूंनी फिकट राखाडी पट्टा झाला.

वहिनीने प्रिंट घेतलं आणि उलटं धरलं. तिची पद्धतच ती. म्हणते, शब्द वाचायला लागलं की बाकीचं दिसायचं बंद होतं. उलटं धरून बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे गं," म्हणाली. "कसं सुचलं?"

अकरा महिन्यांत पहिलं छान! आडात काही नव्हतं आणि तरी पोहऱ्यात आलं.

७ मार्च, शुक्रवार

साबणवाले खूश. "ही बारीक अक्षरं म्हणजे फेसच वाटतो की हो!" मला फेस वगैरे काही म्हणायचं नव्हतं, पण वहिनी म्हणाली, "तीच कल्पना आहे." तिने त्यांच्याकडे बघत इतक्या थंडपणे थाप मारली की मला थोडं हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

"काय लिहिलंय यात?"

"भरतीचा मजकूर आहे, बदलायचाय."

"कशाला? कोण वाचतंय!"

तरी स्वल्पविरामने कातडीविषयी चार ओळी लिहायच्या असं ठरलं.

१० मार्च, सोमवार

स्वल्पविरामचा मजकूर आला. अठरा स्वल्पविराम. बसवला. नमुन्याच्या पन्नास खोक्यांसाठी फाईल छापखान्यात पाठवली. एक काम संपलं.

१३ मार्च, गुरुवार

रंग बघायला छापखान्यात वहिनी गेली. मी आता तिथे जात नाही. कुणी विचारतही नाही का ते.

१७ मार्च, सोमवार

दुपारी बँकेतून परत आले तर टेबलावर नमुन्याची खोकी. एक उचललं. कागद चांगला, राखाडी चांगला. सवयीने डोळ्यांजवळ नेलं.

"दादा, त्या दिवशी चार वाजता —"

दोन फाईली होत्या. एकीचं नाव 'शेवटची', दुसरीचं 'शेवटची खरी'. मी 'शेवटची' पाठवली. या धंद्यात नवख्या पोरीसुद्धा ही चूक करत नाहीत!

छापखान्याला फोन केला, म्हटलं पुढची छपाई थांबवा, फाईल बदलायची आहे. मग खोकी मोजली. एकोणपन्नास. पुन्हा मोजली. एकोणपन्नासच.

"एक, वहिनी, घेऊन गेल्या, घरी," स्वल्पविराम म्हणाला. "दाताच्या, डॉक्टरकडे, जायचं होतं, त्यांना, लवकर."

"तू वाचलंस का यावरचं?"

"मी? माझंच, लिहिलेलं, मी, कशाला, वाचू?"

झाकली मूठ म्हणून वर्षभर सांभाळली, आणि सात वेळा छापून हातात दिली. दादाला नेलं तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर. ते वाक्य वहिनी अजून अधूनमधून बोलून दाखवते, कुणालाच उद्देशून नाही. आता तिला कळेल, की थोडं आधी त्याने फोन केला होता. मला. आणि मी रंगाचा राग धरून बसले होते. तिच्या जागी मी असते तर या बाईचं तोंड पुन्हा बघितलं नसतं.

भीती वाटायला हवी. मी खोकी तिसऱ्यांदा मोजली.

१८ मार्च, मंगळवार

वहिनी आली. खुर्ची पुसली, दोन प्रिंटं तपासली, छापखानेवाल्याला झापलं. खोकं तिच्या टेबलावर उभं आहे. सुलटं.

जेवताना एवढंच म्हणाली, "भाजीत मीठ कमी पडलंय का?" मी म्हटलं, नाही. खरं म्हणजे मला कळलं नव्हतं.

मीच बोलायला हवं होतं. पाच वाजेपर्यंत तीनदा तोंड उघडलं. एकदा तर "वहिनी —" म्हणालेसुद्धा. तिने वर बघितलं. मी स्टेपलर मागितला.

१९ मार्च, बुधवार

स्वल्पविराम बाहेर गेल्यावर वहिनी येऊन शेजारी बसली. "तो फोन त्याचा नव्हता गं. मी केला होता, दवाखान्यातून. माझा इथेच राहिला होता, चार्जिंगला, म्हणून त्याच्या फोनवरून. तो पावणेचारलाच गेला होता." मग चौथ्या खुर्चीकडे बघत — "तू उचलला नाहीस, तर बरं वाटलं मला. परत लावला नाही. म्हटलं, राहू दे. अजून थोडा वेळ तिला भाऊ आहे."