डाव्या मागच्या दाराचा रंग

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
सोमवार

तीर्थस्वरूप लवूमामांच्या पायांशी भाच्याचा, म्हणजे नाथाचा, दंडवत.

तुमचे गुडघे आणि उर्मिलामामींचा मोतीबिंदू या दोघांची खुशाली कळवावी. (मागच्या पत्रात तुम्ही फक्त म्हशीची लिहिली होती.) इथे मंदा बरी आहे. मिनल सासरी सुखात आहे. माझं म्हणाल तर काल दुपारपासून मी जेवतोय, झोपतोय, पण काय जेवलो ते विचारलं तर सांगता येत नाही, असा सुन्न झालोय. फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण भिंतीपलीकडे मंदा असते. म्हणून पत्र.

मी अडतीस वर्षं गाड्या रंगवल्या हे तुम्ही जाणताच. (निवृत्त झाल्यापासून मंदा मला घरातल्या स्टुलालाही ब्रश लावू देत नाही.) तर मिनल माहेरी आली होती, तिने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे, त्यांना परीक्षक तयार करायचे होते. कसले परीक्षक, तर जी गाडी कारखान्यातून निघाल्यापासून जशीच्या तशी आहे, रंग तोच, काचा त्याच, सीटचं कापडही तेच, अशी गाडी पारखून तिला ‘मूळ स्थितीतली’ असा दाखला देणारे. पण दाखला देणाऱ्याकडेही आधी स्वतःचा दाखला पाहिजे. त्यासाठी दोन रविवार वर्ग आणि तिसऱ्या रविवारी परीक्षा, तीही आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या हॉलमध्ये. मिनल म्हणाली, बाबा, रंगातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं? मलाही तेच वाटत होतं, त्यामुळे मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

पहिल्याच रविवारी पहिला धक्का बसला. शिकवायला अभिनव नावाचे सर होते. वय तीस-बत्तीस, हातांत पांढरे हातमोजे, बोलणं मऊ. त्यांनी सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितली. कोणी इंजिनिअर, कोणी बँकेतला, एक तर दातांचा डॉक्टर. मी म्हणालो, मी गाड्या रंगवायचो. मामा, जंगलखात्याच्या वर्गात लाकूडतोड्या येऊन बसावा तसे सगळे माझ्याकडे वळले. मग सरांनी सांगितलं, की गाडी एकदाच मूळ असते. तिला नवा रंग दिला, की ती कितीही सुंदर दिसो, तिची गोष्ट पुसली गेली. म्हणजे मी अडतीस वर्षं जे करत होतो त्याला या लोकांत नुकसान म्हणतात. गंजलेला बंपर ते असा कुरवाळत होते की मी आमच्या मिनलला तान्ही असताना तसं कुरवाळलं नसेल. मी सवयीने एक पोपडा नखाने खरवडायला गेलो, तर सरांनी माझं मनगटच धरलं. एका गाडीच्या सीटखाली उंदराचं जुनं घरटं होतं. मी म्हटलं, काढू का? तर वर्गात कोणीतरी हळहळलं.

पण खोटं कशाला लिहू, दुसऱ्या रविवारपर्यंत मला त्यात गोडी वाटायला लागली. इतकी वर्षं मी डाग दिसला की तो घालवायचा कसा एवढंच बघायचो. तो पडला कसा, हे कधी बघितलंच नव्हतं. स्टिअरिंगवर अंगठा टेकून टेकून पडलेला खळगा, खिडकीच्या कडेला कोपर ठेवून उडालेला रंग, हे बघताना त्या न पाहिलेल्या माणसाची ओळख व्हायची. मी वही भरली. मंदाला वाचून दाखवली. ती म्हणाली, आता पास व्हा म्हणजे झालं.

आता कालची परीक्षा. आवारात एक फियाट उभी केली होती, सन अडुसष्टची, उन्हाने फिकी पडलेली निळी. तिचे पहिले आणि एकुलते मालक हरिश्चंद्रभाई, वय चौऱ्याऐंशी, काठी घेऊन शेजारी उभे. त्यांची बायको हंसाबेन झाडाखाली खुर्चीवर. हरिश्चंद्रभाई प्रत्येकाला सांगत होते, की हिला आजवर ब्रश लागलेला नाही. काम एवढंच, की आम्ही एकेकाने बॅटरी आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन गाडी तपासायची, आणि कुठला भाग मूळ, कुठला नंतरचा ते कागदावर लिहायचं.

मी बोनेटपासून सुरू केलं. सगळं खरं, सगळं मूळ. डाव्या मागच्या दारापाशी आलो, वाकून दाराच्या खालच्या कडेवर उजेड टाकला आणि तिथेच बसलो. रंगात एक केस अडकलेला होता. काळा, आखूड, कुरळा. मामा, तो केस माझा होता. (तेव्हा मला होते.)

ब्याण्णव साली मी खारीगावाजवळच्या गॅरेजमध्ये होतो. एक दिवस ही फियाट पहिल्या गिअरमध्ये रडत आत आली, आणि चालवणारी बाई तिच्यापेक्षा जास्त रडत होती. नवरा आठ दिवसांसाठी राजकोटला गेलेला. सासूबाई आजारी, दवाखान्यात न्यायला कोणी नाही, म्हणून शेजारणीकडून तीन दिवसांत गाडी शिकली आणि चौथ्या दिवशी फाटकाच्या खांबाला दार घासलं. तिने हात जोडले, भाई, काहीही करा, पण त्यांना कळता कामा नये. मी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, न लावता पत्रा आतून ठोकून सरळ केला. उन्हाने विटलेला तो निळा जुळवायला चार दिवस लागले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. अभिनव सरांचं यंत्रसुद्धा तिथे काही बोललं नाही.

मी मान वर केली तर हंसाबेन खुर्ची सोडून जवळ आल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं होतं. हलक्या आवाजात म्हणाल्या, “भाई, उनको आज भी मालूम नहीं है.” आणि पुन्हा जाऊन बसल्या.

आता सांगा, मी काय करायचं? खरं लिहावं तर म्हाताऱ्याचा सत्तावन्न वर्षांचा अभिमान आणि म्हातारीची झाकली मूठ, दोन्ही माझ्या हातून जाणार. खोटं लिहावं, तर पहिल्याच कागदावर खोटं लिहून परीक्षक कशाला व्हायचं? पंधरा मिनिटं मी पेन नुसतं धरून होतो. शेवटी लिहिलं, ‘डावा मागचा दरवाजा, नंतर रंगवलेला.’ कारणाची जागा कोरी सोडली. केसाबद्दल अक्षर नाही.

निकालाच्या वेळी अभिनव सरांनी माझा कागद सगळ्यांसमोर वाचला, चूक कशी होते याचा नमुना म्हणून. त्यांच्या तयार उत्तरात ते दार मूळ होतं. त्यांनी विचारलं, “काका, कशावरून?” केस दाखवायला एक मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, “वाटलं तसं.” ते समजुतीने म्हणाले, की आयुष्यभर नवा रंग बघितलेल्या डोळ्याला मूळ रंग ओळखायला वेळ लागतो. मामा, अख्ख्या वर्गात तेवढं एक उत्तर बरोबर होतं आणि त्यावर मी नापास झालो. वर हरिश्चंद्रभाईंनी काठी आपटून मला सुनावलं ते वेगळंच.

पुढचा धक्का नळावर बसला. मी तोंड धुवत होतो, हरिश्चंद्रभाई मागून आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, “रंग बहुत अच्छा किया था तुमने.” मला पाण्याचा ठसका लागला. म्हणाले, पहिल्या दिवसापासून ते दार कंबरेने ढकलल्याशिवाय लागत नव्हतं. राजकोटहून आलो, तर एका बोटाने लागलं. मग शेजारणीने बाकीचं सांगितलं, आणि रंगारी तूच हे आज तुझ्या कागदावरून कळलं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, “बोलता तो वो फिर कभी गाडी नहीं चलाती.” त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने हंसाबेननीच त्यांना या गाडीतून दवाखान्यात नेलं-आणलं. मला बजावलं, तिला यातलं कळू देऊ नको. मी हो म्हणालो. दिवसभरात त्याच दाराचं हे दुसरं गुपित मी सांभाळायला घेत होतो.

मग नवरा-बायकोने एकमेकांचा हात धरून गाडीचा दाखला घेतला, फोटो काढला. मी टाळ्या वाजवल्या. परीक्षक झालो असतो तर बोलावं लागलं असतं. नापास झालेल्याला गप्प बसता येतं.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि म्हशीलाही विचारलंय म्हणून सांगा.

तुमचा भाचा,
नाथा भुवड

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. घरी आल्यावर मंदाने दार उघडलं, तिच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. तो बघून माझ्या तोंडून ‘पास’ निघून गेलं. आता ती म्हणतेय दाखला भिंतीवर लावू. मी पोस्टाने येणार असं सांगितलंय. चिपळूणला तुमच्या ओळखीचा छापखाना आहे. तिथे एक दाखला छापून मिळेल का? कागद जाड घ्या, सोनेरी किनार असली तर उत्तम. मंदाला कळू नये.

ता. क. दुसरा. मामा, मंदाचा नमस्कार. पाकीट डकवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी. मिनलने फॉर्मवर माझा मोबाइल नंबर घातला होता. हे घरी पोचायच्या आधीच नापासाचा मेसेज मला आला, म्हणून धावत जाऊन पेढे आणले. छापखान्याचं तेवढं जमवाच, आणि ह्यांना काही बोलू नका. फक्त आडनाव नीट लिहायला सांगा. मिनलच्या लग्नपत्रिकेत त्यांनी भुवडचं भोवड केलं होतं. भिंतीला खिळा मी कालच ठोकून ठेवलाय.